दिवा सिंगापूरचा, खडक कुणाचा?

१२ जून १९५३. सिंगापूर तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. वसाहत सचिवांच्या कचेरीतून शेजारच्या जोहोर राज्याच्या ब्रिटिश सल्लागाराला एक पत्र गेलं. विषय अगदी रुक्ष. वसाहतीच्या सागरी हद्दी आखायच्या आहेत. सिंगापूरपासून सुमारे ४० मैलांवर पेद्रा ब्रांका नावाचा खडक आहे, त्यावर आमचं दीपगृह आहे. तर या खडकाची स्थिती नेमकी काय? तो भाडेपट्ट्याने दिल्याचा, इनाम दिल्याचा किंवा जोहोर सरकारने सोडून दिल्याचा काही दस्त तुमच्याकडे सापडतो का?

उत्तर यायला तीन महिने लागले. २१ सप्टेंबरला जोहोरच्या कार्यवाहक राज्य सचिवांनी कळवलं, की जोहोर सरकार पेद्रा ब्रांकाची मालकी सांगत नाही. मजकूर एवढाच. का सांगत नाही, कोणती कागदपत्रं पाहिली, याबद्दल एक शब्द नाही.

पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात सोळा न्यायाधीशांनी या एका वाक्याचा कीस पाडला. सिंगापूर विरुद्ध मलेशिया असा तो खटला (जोहोर आज मलेशियाचा भाग आहे) मी इथे सविस्तर मांडतो आहे. त्याकडे सहसा ‘दोन देशांचं एका खडकावरून भांडण’ म्हणून पाहिलं जातं. मला त्यात दुसरंच काही दिसतं: दीडशे वर्षं दिवा कुणी लावला, यापेक्षा तो लावला जात असताना कोण गप्प बसलं, यावर हा खडक गेला.

खडक आणि दिवा

पेद्रा ब्रांका म्हणजे पोर्तुगीजमध्ये पांढरा खडक. मलय भाषेतलं नाव बातू पुतेह, अर्थ तोच. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेने तो पांढरा दिसायचा, म्हणून हे नाव. लांबी १३७ मीटर, रुंदी सरासरी ६० मीटर, ओहोटीच्या वेळी क्षेत्रफळ साधारण ८,५६० चौरस मीटर. क्रिकेटचं मैदानसुद्धा याहून मोठं असतं. जागा मात्र मोक्याची. दक्षिण चिनी समुद्रातून सिंगापूरच्या सामुद्रधुनीत शिरताना ऐन तोंडाशीच हा ग्रॅनाइटचा उंचवटा आहे. सिंगापूरपासून प्रत्यक्ष अंतर, पत्रातल्या ढोबळ आकड्यापेक्षा कमी, २४ सागरी मैल, जोहोरच्या किनाऱ्यापासून ७.७ आणि इंडोनेशियाच्या बिंतान बेटापासून ७.६. म्हणजे जो देश इथला दिवा सांभाळतो, तोच तिघांत सर्वांत लांब.

दक्षिणेला ०.६ सागरी मैलावर मिडल रॉक्स नावाचे खडकांचे दोन पुंजके आहेत. पाण्याच्या वर जेमतेम मीटरभर, पण कायम उघडे. आणखी पुढे, २.२ सागरी मैलांवर, साउथ लेज. तो फक्त ओहोटीला दिसतो. ही दोन नावं लक्षात ठेवा, शेवटी लागतील.

दीपगृहाची कल्पना चीनच्या व्यापारातल्या मंडळींची. जेम्स हॉर्सबर्ग हा ईस्ट इंडिया कंपनीचा जलसर्वेक्षक. पूर्वेकडच्या जहाजांचे कप्तान त्याच्या नोंदी आणि नकाशे हाताशी ठेवून प्रवास करत. तो १८३६ मध्ये वारला, आणि त्याच वर्षी कँटनच्या व्यापाऱ्यांनी ठरवलं, की त्याचं स्मारक म्हणून या वाटेवर एक दिवा उभारायचा. वर्गणी जमली, जागेचा घोळ मात्र बरीच वर्षं चालला.

बांधकाम सिंगापूरचा सरकारी भूमापक जॉन टर्नबुल थॉमसन याच्याकडे आलं. हाच पुढे न्यूझीलंडचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. त्याने काम सुरू करण्याआधी केलेली एक गोष्ट मला फार आवडते. त्याने खडकावर विटांचे खांब उभे केले आणि पावसाळी वारे येऊन जाऊ दिले. समुद्राचा मार कुठवर पोचतो, हे त्याने असं समुद्रालाच विचारलं. खांब वाहून गेले, तेव्हा विटांचा विचार संपला आणि पुलाऊ उबिन बेटावरचा ग्रॅनाइट घडवून आणायचं ठरलं. २४ मे १८५० रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, कोनशिला बसली. १८५१ मध्ये दिवा लागला. त्याला हॉर्सबर्गचंच नाव मिळालं.

आधी खडक कुणाचा होता?

सिंगापूरची कैफियत अशी: १८४७ च्या सुमारास हा खडक कुणाचाच नव्हता, ब्रिटिशांनी तो ताब्यात घेतला, दीपगृह बांधलं आणि त्यामुळे तो ब्रिटिशांचा, पर्यायाने आमचा झाला. मलेशियाची कैफियत: तो जोहोरच्या सुलतानाचा होता, ब्रिटिशांना दीपगृह बांधायची आणि चालवायची फक्त परवानगी मिळाली, परवानगीने मालकी बदलत नाही.

या पहिल्या फेरीत मलेशिया जिंकला. खडकाच्या आसपास ‘ओरांग लाउत’ म्हणजे समुद्रावरच राहणारे लोक मासेमारी करत, कधी चाचेगिरीही करत, आणि ते जोहोरच्या सुलतानाला मानत. शिवाय १८४३ मध्ये सिंगापूरच्या एका वर्तमानपत्राने चाच्यांचे आश्रय सांगताना बातू पुतेहचं नाव घेतलं होतं आणि ही सगळी ठिकाणं जोहोरच्या सुलतानाच्या मुलखात आहेत, असंही छापलं होतं. तेव्हाच्या सिंगापूरकरांनाच खडक कुणाचा, हे ठाऊक होतं, तर तो बेवारस कसा? न्यायालयाने मूळ हक्क जोहोरचा मानला. १८२४ च्या क्रॉफर्ड तहाने ब्रिटिशांना सिंगापूर आणि त्याभोवतीच्या दहा मैलांतली बेटं मिळाली होती. पेद्रा ब्रांका त्या परिघाच्या कितीतरी बाहेर.

परवानगीचा मुद्दा मात्र सुटला नाही. गव्हर्नर बटरवर्थने १८४४ मध्ये सुलतान आणि तेमेंगगोंग (जोहोरचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा सरदार) या दोघांना पत्रं लिहिली. दोघांची २५ नोव्हेंबर १८४४ ची उत्तरं उपलब्ध आहेत. तेमेंगगोंगने लिहिलं, की जोहोरच्या किनाऱ्यावरच्या रोमानिया टोकाजवळ किंवा योग्य वाटेल त्या कुठल्याही जागी कंपनीने खुशाल दीपगृह बांधावं. पण बटरवर्थची मूळ पत्रं दोन्ही बाजूंना सापडली नाहीत. नेमकं काय मागितलं होतं, हेच कळायला मार्ग नाही. त्या वेळी चर्चा पीक रॉक या वेगळ्या खडकाची होती, पेद्रा ब्रांकाची निवड नंतर झाली. तेव्हा त्या ‘कुठल्याही जागी’मध्ये हा खडक बसतो की नाही, यावर न्यायालयाने निर्णय दिलाच नाही.

याच काळातला एक प्रसंग दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वापरला. कोनशिला समारंभाला तेमेंगगोंग नव्हता. पण जेमतेम दहा दिवसांनी, जूनच्या सुरुवातीला, तो आपल्या तीस माणसांना घेऊन खडकावर येऊन गेला. मलेशिया म्हणाला, मालक आपल्या जागेची पाहणी करायला आला. सिंगापूर म्हणालं, मालकाच्या जागी समारंभ होतो आणि मालकाला बोलावणं नाही, असं होईल का? दोन्ही युक्तिवाद तितकेच पटतात, म्हणूनच दोन्हींतून हाती काही लागत नाही.

जुळा दिवा

हा खटला समजून घ्यायचा तर सामुद्रधुनीच्या दुसऱ्या, पश्चिमेकडच्या टोकाला जायला हवं. तिथे पुलाऊ पिसांग नावाचं बेट आहे. तिथेही दीपगृह आहे, तेही सिंगापूरच चालवतं. नोकर सिंगापूरचे, तेल-दुरुस्ती सिंगापूरची. पण बेट मलेशियाचं, आणि त्यावर कधी वाद झाला नाही. कारण ६ ऑक्टोबर १९०० चा दस्त आहे: जोहोरच्या सुलतानाने बेटाचा एक तुकडा दीपगृहासाठी ब्रिटिशांना दिला, अटी घातल्या, दस्त नोंदवला. १९५३ च्या पत्रात वसाहत सचिवांनीच लिहिलं होतं, की पिसांगचा दस्त आम्हाला जोहोरच्या नोंदणीत मिळाला आणि तिथे जोहोरचं सार्वभौमत्व अबाधित आहे. पेद्रा ब्रांकाचं तेवढं कळत नाही.

म्हणजे तोच दिवा, तोच चालक, आणि निकाल अगदी उलटा. दिवा चालवणं हाच मालकीचा पुरावा असता, तर पिसांगही सिंगापूरचं झालं असतं.

पुढे १९६८ मध्ये मलेशियाने सिंगापूरला सांगितलं, की पुलाऊ पिसांगवर तुम्ही लावता तो झेंडा उतरवा. सिंगापूरने उतरवला. तोच झेंडा पेद्रा ब्रांकावरही फडकत होता. त्याबद्दल मलेशियाने अवाक्षर काढलं नाही. न्यायालयाने या फरकावर बोट ठेवलं, आणि मला तर १९५३ च्या पत्रानंतरचा हाच सगळ्यांत बोलका पुरावा वाटतो. झेंडा कशाला म्हणतात आणि तो परक्या जागेवर चालत नाही, हे ज्याला एका बेटावर ठाऊक आहे, त्याला दुसऱ्या बेटावर ते ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही.

न बोललेल्या गोष्टींची यादी

आपल्याकडे जमिनीच्या दाव्यात दोन शब्द वारंवार ऐकू येतात: वहिवाट आणि हरकत. सिंगापूरच्या वकिलांनी वहिवाट मांडली. मलेशियाच्या वकिलांना हरकत दाखवता आली नाही.

खडकाजवळ जहाजं आदळली, टकरी झाल्या, की चौकशी सिंगापूर करायचं. १९२० मध्ये एका ब्रिटिश आणि एका डच जहाजाची टक्कर झाली, तेव्हापासून हे चालू होतं. यावर मलेशियाची पहिली हरकत जून २००३ ची, म्हणजे वाद न्यायालयात न्यायचा करार झाल्यानंतरची. १९७४ मध्ये एका संयुक्त सर्वेक्षणासाठी मलेशियाचे कर्मचारी खडकावर जाणार होते. सिंगापूरने त्यांची नावं, पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व मागून घेतलं. मार्च १९७८ मध्ये मलेशियाच्या भूमापन खात्याचे दोन अधिकारी मोजणीसाठी खडकावर गेले, तर दीपगृहावरच्या सिंगापुरी कर्मचाऱ्याने त्यांना सांगितलं, की बंदर प्राधिकरणाची परवानगी नसेल तर इथे थांबता येणार नाही. ते निघून गेले. वरिष्ठांकडून निषेधाचं पत्र वगैरे काही गेलं नाही. सत्तरच्या दशकातच सिंगापूरने खडकाभोवती भराव टाकायचा विचार केला आणि निविदासुद्धा मागवल्या. काम झालं नाही, पण जाहिरात सगळ्यांनी वाचावी अशीच होती.

आणि नकाशे. १९६२ ते १९७५ या काळात मलाया आणि मग मलेशियाच्या सरकारी नकाशा खात्याने जे नकाशे छापले, त्यांतल्या अनेकांवर या खडकाच्या नावाखाली कंसात ‘सिंगापूर’ असं लिहिलेलं आहे. मलेशिया म्हणाला, ते दीपगृहापुरतं आहे. पण मग त्याच नकाशांवर पुलाऊ पिसांगखाली ‘सिंगापूर’ का नाही? इथेही जुळ्या दिव्याने घात केला.

२१ डिसेंबर १९७९ रोजी मलेशियाने नवा नकाशा काढून खडक आपल्या हद्दीत दाखवला. १४ फेब्रुवारी १९८० रोजी सिंगापूरने निषेध नोंदवला. न्यायालयाने हीच तारीख वादाची सुरुवात धरली. यानंतर कुणी काय केलं याला फारसं वजन नाही, कारण भांडण लागल्यावर जो तो पुरावे तयार करायला लागतो. याचा मासला २००७ च्या सुनावणीतही दिसला. मलेशियाने खडकाचा एक फोटो दाखवला, त्यात मागचा जोहोरचा डोंगर अगदी अंगावर आल्यासारखा भासत होता. लांब पल्ल्याच्या लेन्सने अंतर कसं आक्रसतं आणि नुसत्या डोळ्यांना तो डोंगर किती लहान दिसतो, हे सिंगापूरच्या वकिलांनी न्यायालयाला समजावून सांगितलं.

‘मालकी’ की ‘सार्वभौमत्व’?

आता पुन्हा त्या एका वाक्याकडे. मलेशियाचे आक्षेप दोन. एक, कार्यवाहक राज्य सचिवाला असलं काही लिहून देण्याचा अधिकारच नव्हता. दोन, त्याने ‘मालकी’ सांगत नाही म्हटलं. मालकी ही खासगी हक्काची गोष्ट, सार्वभौमत्व वेगळं.

दुसरा आक्षेप वरवर पाहता बिनतोड आहे. सिंगापूरमधल्या एखाद्या परदेशी माणसाच्या घराची मालकी त्याची असते, सार्वभौमत्व सिंगापूरचं. पण प्रश्न काय होता ते पाहा. वसाहत सचिवांनी सागरी हद्द ठरवण्यासाठी विचारणा केली होती आणि पिसांगच्या बाबतीत जोहोरच्या सार्वभौमत्वाचा स्पष्ट उल्लेख केला होता. त्या पत्राच्या उत्तरात ‘मालकी’ हा शब्द येतो, तेव्हा तो घराच्या मालकीचा राहत नाही. न्यायालयाने तसाच अर्थ लावला. अधिकाराचा मुद्दाही टिकला नाही. हे उत्तर घाईत खरडलेलंही नव्हतं. जोहोरकडून आधी कळवण्यात आलं होतं, की जमीन व खाणी आयुक्त आणि मुख्य भूमापक यांचा सल्ला घेऊन आणि जुनं दप्तर पाहून राज्य सचिव कळवतील.

सिंगापूरच्या कचेरीत हे उत्तर पोचल्यावर अंतर्गत टिपण झालं, की याच्या जोरावर आपण खडकावर दावा सांगू शकतो. नंतर? जाहीर असं काही नाही. राजपत्रात घोषणा नाही, हद्दीची नवी रेषा नाही. जोहोरने सोडला, पण सिंगापूरने ‘घेतला’ असं ठणकावून म्हटलं नाही. सिंगापूरच्या बाजूची ही ढिलाई निकालाच्या जल्लोषात विसरली जाते.

निकाल, आणि त्यातली फट

२३ मे २००८. बारा विरुद्ध चार मतांनी पेद्रा ब्रांका सिंगापूरचा. मिडल रॉक्स पंधरा विरुद्ध एक मतांनी मलेशियाचे, कारण मूळ हक्क जोहोरचा होता आणि खडकावर जे घडलं ते तिथे काहीच घडलं नव्हतं: ना दिवा, ना झेंडा, ना पत्र. साउथ लेज ज्याच्या सागरी हद्दीत पडेल त्याचा. या दोन्ही मुद्द्यांवर वेगळं मत देणारे एकटे न्यायाधीश म्हणजे सिंगापूरने या खटल्यापुरते नेमलेले भारतीय विधिज्ञ पी. श्रीनिवास राव.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की १८४४ मध्ये खडक जोहोरचा होता, १९८० पर्यंत तो सिंगापूरकडे गेला होता. नेमका कधी गेला? निकालात तारीख नाही. सिम्मा आणि अब्राहम या न्यायाधीशांनी आपल्या संयुक्त भिन्नमतात इथेच हल्ला चढवला: सार्वभौमत्वासारखी गोष्ट हस्तांतरित झाली म्हणायचं तर निदान मूक करार तरी स्पष्ट दिसायला हवा, आणि तो कुठल्या कायदेशीर आधारावर झाला, हे बहुमताने नीट सांगितलेलं नाही. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. दिवा ही सगळ्या जहाजांच्या भल्याची गोष्ट. शेजाऱ्याने आपल्या खडकावर तो लावला तर शहाणा माणूस त्याच्यामागे नोटिसा घेऊन धावत नाही. उद्यापासून प्रत्येक सरकार आपल्या बेटावरच्या परक्या दिव्याकडे संशयाने पाहू लागलं, तर तोटा खलाशांचा. तरीही १९५३ चं पत्र समोर ठेवलं, की मी बहुमताकडेच झुकतो. ते पत्र नसतं, तर बारा मतं पडली असती असं मला वाटत नाही.

मलेशियाला या शास्त्राची ओळख नव्हती असंही नाही. १७ डिसेंबर २००२ रोजी याच न्यायालयाने लिगितान आणि सिपादान ही बेटं इंडोनेशियाविरुद्ध मलेशियाला दिली होती. पुरावा काय? कासवांच्या अंड्यांवरचं नियंत्रण, आणि १९६२-६३ मध्ये ब्रिटिश उत्तर बोर्निओच्या प्रशासनाने बांधलेली दोन दीपगृहं, ज्यांवर इंडोनेशियाने कधी हरकत घेतली नाही. दिवा एरवी सत्तेचा पुरावा ठरत नाही, पण अगदी लहान बेटांवर त्याला अर्थ येतो, असं न्यायालय तेव्हा म्हणालं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ फेब्रुवारी २००३ रोजी, पुत्रजया इथे मलेशियाने सिंगापूरशी करार करून पेद्रा ब्रांकाचा वाद त्याच न्यायालयापुढे न्यायचं मान्य केलं.

त्यानंतर

निकालाच्या फेरविचाराला दहा वर्षांची मुदत असते. ती संपायला सव्वा वर्ष उरलं असताना, फेब्रुवारी २०१७ मध्ये, ब्रिटनच्या अभिलेखागारात तीन कागद सापडले म्हणून मलेशियाने अर्ज केला. पन्नास-साठच्या दशकांत सिंगापूरचे अधिकारीसुद्धा खडक आपला मानत नव्हते, असं त्यातून दाखवायचं होतं. जवळजवळ पाच महिन्यांनी निकालाचा अर्थ लावून द्यावा म्हणून दुसरा अर्ज. पण सत्ताबदल झाला आणि मे २०१८ मध्ये, सुनावणीला दोन आठवडे उरले असताना, नव्या सरकारने दोन्ही मागे घेतले. त्या कागदांची परीक्षा झालीच नाही. या निर्णयाचा राग मलेशियात धुमसत राहिला आणि २०२४ मध्ये त्यासाठी राजेशाही चौकशी आयोग नेमला गेला.

दरम्यान दोघांनीही धडा घेतलेला दिसतो. मलेशियाने मिडल रॉक्सवर खांब रोवून अबू बकर सागरी तळ उभारला. सिंगापूरने पेद्रा ब्रांकाभोवती सुमारे सात हेक्टर भराव घालायचं जाहीर केलं, म्हणजे मूळ खडकाच्या आठपट. पुलाऊ पिसांगचा दिवा अजून सिंगापूरच लावतं. साउथ लेज कुणाच्या हद्दीत, हे ठरवायला आधी दोघांची सागरी सीमा आखली जायला हवी. ती आखलेली नाही, आणि तो खडक रोज ओहोटीला वर येतो, भरतीला बुडतो.